वर्षाला दोन टक्के

स्कॉटलंडच्या आयला बेटावर व्हिस्की गाळणाऱ्या बोमोर डिस्टिलरीच्या ‘नंबर वन व्हॉल्ट्स’मध्ये, म्हणजे समुद्राला पाठ लावून उभ्या असलेल्या त्या जुन्या गोदामात, गाइडने सांगितले की इथल्या प्रत्येक पिंपातली सुमारे दोन टक्के व्हिस्की दर वर्षी लाकडातून झिरपून हवेत विरून जाते. गटातले सगळे हसले, कारण उडून जाणारा हा भाग म्हणजे देवदूतांचा वाटा, ही प्रसिद्ध गोष्ट यापुढे येणार हे बहुतेकांना ठाऊक होते. बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे झुकून हलक्या आवाजात विचारले, “आणि ही तूट मंजूर कोण करतं?” मी तो प्रश्न इंग्रजीत मांडायच्या आत गाइड पुढच्या रांगेकडे वळला होता, आणि त्याच्यामागे सगळा गटही सरकला.

प्रश्न मात्र माझ्यापाशीच राहिला.

बाबांची सगळी नोकरी सरकारी धान्य गोदामांत गेली. तालुका बदलला की गोदाम बदलायचे, गोदामाचा वास मात्र बदलायचा नाही: बारदान, कीडनाशकाची धुरी आणि पत्र्याखाली तापलेली ज्वारी. साठ्याची नोंदवही ते कुणाच्या हाती देत नसत. पोत्यांची थप्पी भिंतीपासून दीड हात दूर हवी, खाली लाकडी चौकटी हव्यात, पावसाळ्यात दाणा ओल पितो म्हणून वजन वाढते आणि चैत्रात तेच पोते हलके भरते, हे सगळे मला शाळेत जाण्याआधीपासून माहीत होते. घट किती मान्य, किती अमान्य, आणि अमान्य असेल तर कुणाच्या सहीने कुठे काय लिहायचे, यावर आमच्या घरी जेवताना जितके बोलणे झाले असेल तितके देवाधर्मावरही झाले नसेल. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. मी ग्लासगोत राहते आणि आयला बेट पाहण्यासारखे आहे, एवढ्याच कारणाने ते आले होते. पण गोदामाच्या दारातून आत पाऊल टाकताच ते पर्यटक उरले नाहीत. गट पिंपांवरचे आकडे वाचत होता तेव्हा ते उकिडवे बसून पिंपांखालच्या लाकडी रुळांकडे पाहत होते. “खाली लाकूड घातलंय. मातीला टेकू दिलं नाही, हे बरं केलं,” असा शेरा त्यांनी देऊन टाकला.

तो शेरा योग्य होता. स्कॉटलंडमध्ये या जातीच्या गोदामाला डनेज गोदाम म्हणतात ते याच लाकडी रुळांवरून, आणि या बांधणीचे नियम इतके साधे आहेत की त्यांना वास्तुकला म्हणावे की नाही असा संकोच वाटतो. ओबडधोबड दगडांच्या मीटरभर जाड भिंती, त्यांवर चुन्याचा हात, वर पाटीच्या दगडाचे उतरते छप्पर, पायाखाली फरशीऐवजी दबलेली माती किंवा कोळशाची राख, भिंतीत उंचावर गज लावलेल्या लहानशा खिडक्या. आत ओळीने मांडलेली पिंपे, एकावर एक फार तर तीन. तीनच का, तर त्याहून वर पिंप चढवणे माणसाच्या अंगबळाच्या पलीकडचे होते आणि खालच्या पिंपाच्या फळ्यांनाही तितका भार सोसत नाही. माल वाढला की मजले चढवायचे नाहीत, शेजारी तसेच दुसरे गोदाम बांधायचे, मधली भिंत सामाईक ठेवायची. त्यामुळे जुन्या डिस्टिलरीकडे दुरून पाहिले तर एकाला एक लागून चाललेली त्रिकोणी कपाळे आणि त्यांच्यामधल्या पन्हाळी दिसतात. प्रवासी फोटो काढतात ते पॅगोडाच्या आकाराच्या धुराड्यांचे, जी एल्गिनच्या चार्ल्स डॉइग या वास्तुकाराने १८८९ मध्ये डॅलुएन येथे प्रथम वापरात आणली. भट्टीतल्या तांब्याच्या घटांचेही फोटो निघतात. गोदामाचा फोटो सहसा कुणी काढत नाही, आणि आत तर काढूही देत नाहीत. मोबाइल दारातच बंद करायला लावतात, कारण आतल्या हवेत मद्यार्काची वाफ असते आणि ठिणगीची जोखीम घ्यायला कुणी तयार नसते.

फोटो नाही हे एका अर्थी बरेच आहे, कारण ही जागा आधी नाकाला कळते. दार उघडल्यावर पहिला येतो तो ओल्या दगडाचा आणि मातीचा वास, पहिल्या पावसाचा नव्हे, वर्षानुवर्षे ऊन न पाहिलेल्या मातीचा. मग जुन्या ओक लाकडाचा, आणि ज्या पिंपांत पूर्वी स्पेनची शेरी वाइन होती त्यांचा मनुकांसारखा जड गोडवा. हे सगळे ओळखीचे होते न होते तोच मागून स्पिरिटची, म्हणजे गाळलेल्या दारूची, तिखट धार नाकात शिरते आणि डोळे किंचित चुरचुरतात. बोमोरला या सगळ्यात खारटपणाही असतो, कारण हे गोदाम लॉक इंडाल या आखाताच्या अगदी काठावर आहे आणि त्याची जमीन भरतीच्या पातळीच्याही खाली जाते. समुद्राकडच्या भिंतीवर तळवा ठेवा, असे गाइड सांगतो. भिंत गार लागते, तळव्याला ओल येते, आणि पलीकडे पाणी आदळत असेल तर त्याचा आवाज ऐकू न येता नुसता जाणवतो. डिस्टिलरी स्वतःचा जन्म १७७९ सालचा सांगते आणि हे गोदाम स्कॉच व्हिस्की मुरवण्याचे सर्वांत जुने ठिकाण असल्याचे मानले जाते. गावही जवळपास त्याच वयाचे. डॅनियल कॅम्पबेल नावाच्या जमीनदाराने ते आखून बसवले: वरच्या टोकाला १७६७ मध्ये बांधलेले वर्तुळाकार चर्च, सैतानाला लपायला कोपराच उरू नये म्हणून गोल असल्याची दंतकथा असलेले, तिथून सरळ उतरत धक्क्यापर्यंत जाणारा रुंद रस्ता, आणि खाली पाण्याच्या काठावर, कोपऱ्यांनी भरलेली डिस्टिलरी.

या भिंती नेमके काय करतात, हे समजून घ्यायला मला वेळ लागला. पिंपात भरताना स्पिरिटची तीव्रता, म्हणजे त्यातले मद्यार्काचे प्रमाण, बहुधा ६३.५ टक्के ठेवतात. ओकच्या लाकडाला सूक्ष्म छिद्रे असतात. उन्हाळ्यात स्पिरिट प्रसरण पावून लाकडात शिरते, थंडीत आकसून परत येते, आणि येताना लाकडातला रंग आणि स्वाद घेऊन येते. याच वाटेने थोडे बाहेरही निसटते. पाणी निसटणार की मद्यार्क, हे मात्र भोवतालच्या हवेवर ठरते. केंटकीतल्या कोरड्या, तापणाऱ्या गोदामांत पाणी अधिक वेगाने जाते आणि पिंपातली दारू वर्षागणिक तीव्र होते. इथे हवा ओलीचिंब असल्याने पाणी फारसे हलत नाही, मद्यार्क जातो आणि तीव्रता उतरत जाते. म्हणजे फरशी न घालता माती तशीच ठेवणे ही गरिबीची खूण नव्हती, त्या मातीला काम होते. जाड दगड दिवसाची ऊब आत पोहोचू देत नाही, माती ओल सोडत राहते, आणि हवामान आत येता येता मंदावते. पण याला एक खालची मर्यादाही आहे: पिंपातली तीव्रता ४० टक्क्यांखाली उतरली तर कायद्याने तिला स्कॉच व्हिस्की म्हणता येत नाही. फार जुन्या पिंपावर नजर ठेवणाऱ्या माणसाला म्हणून दोन आकडे पाहावे लागतात, किती उरले हा एक आणि जे उरले ते अजून व्हिस्की आहे का हा दुसरा.

आता बाबांच्या प्रश्नाकडे. ही इमारत चवीसाठी उभी राहिली असे आपण आज समजतो, कारण आज ती चवीच्या नावावर विकली जाते. पण तिच्यावर पहिला हात करवसुलीचा आहे. अठराव्या शतकात इथली बरीचशी व्हिस्की भट्टीतून निघाली की ताजीच प्यायली जाई, आणि त्यातली पुष्कळ चोरून गाळलेली असे. १८२३ च्या कायद्याने वर्षाला दहा पौंडांचा परवाना आणि आवाक्यातला कर ठरवला, आणि चोरून गाळण्यापेक्षा राजरोस गाळणे परवडू लागले. मग राजरोस माल ठेवायचा कुठे, हा प्रश्न आला. कर लगेच भरायचा तर मालकाचे पैसे अडकतात, न भरता माल सोडायचा तर सरकार बुडते. त्यातून बाँडेड गोदाम रुजले: माल आत असेपर्यंत कर नाही, दाराबाहेर पडला की कर. दाराला दोन कुलुपे असत, एक डिस्टिलरीचे आणि एक अबकारी अधिकाऱ्याचे, त्यामुळे दोघे हजर असल्याशिवाय दार उघडायचे नाही. खिडक्यांचे गज, दारांची कमतरता, एकाच बाजूने आत जाण्याची सोय, या सगळ्यामागे अबकारी खाते आहे. अधिकारी तिथेच आवारात राहत असे, आणि ही पद्धत १९८० च्या दशकापर्यंत टिकली. दुहेरी कुलुपाचे हे वर्णन संध्याकाळी मी बाबांना वाचून दाखवले तेव्हा त्यांना त्यात नवल वाटले नाही. तालुक्याच्या कोषागारात त्यांनी हीच रीत पाहिली होती.

मुरण्यासाठी थांबणे कायद्यात आले तेही रसिकतेपोटी नाही. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार पिऊन कामावर येतात, अशी सरकारची तक्रार होती, आणि ताजी, जहाल व्हिस्की बाजारातून काढून घेण्यासाठी १९१५ मध्ये गोदामातला मुक्काम सक्तीचा झाला. आधी दोन वर्षे, पुढच्याच वर्षी तीन. ती तीन वर्षे आजही स्कॉचच्या व्याख्येत आहेत.

तूट मंजूर कोण करते, याचे उत्तरही या दप्तरातच सापडते. पिंप भरताना त्यात किती लिटर शुद्ध मद्यार्क आहे ते लिहिले जाते आणि बाहेर काढताना पुन्हा मोजले जाते. मधला फरक नैसर्गिक मानण्याजोगा असेल तर त्यावर कर लागत नाही. फरक त्याहून मोठा असेल आणि गळतीचे, फुटीचे कारण दाखवता आले नाही, तर गेलेल्या दारूवरही कर भरावा लागतो. म्हणजे देवदूतांचा वाटा हाही एक मान्य घटीचा आकडा आहे, त्याला सुंदर नाव नंतर मिळाले. हे कळल्यावर बाबा प्रथमच समाधानाने म्हणाले, “मग ठीक आहे.” मी मात्र तितकी समाधानी नव्हते. मला ते देवदूत आवडत होते.

आणि मान्य घट आली की तिच्या आडोशाला अमान्य घटही येते. गोदामातल्या माणसांकडे तांब्याची एक नळी असे, एका टोकाला बंद, दुसऱ्याला बूच. ती साखळीने किंवा दोरीने पँटीच्या आत मांडीलगत लोंबकळत ठेवायची, पिंपाचे बूच उघडले की हळूच बुडवून भरायची आणि शांतपणे चालत घरी जायचे. तिला ते कुत्रा म्हणत, कारण तो कायम धन्यासोबत असे. मालकांनाही हे माहीत होते. कामगारांना दिवसातून ठरावीक वेळा कामावरच पेलाभर स्पिरिट देण्याची जी चाल होती, ती काहीशी चोरी आटोक्यात ठेवण्यासाठीच होती. ती चाल विसाव्या शतकाच्या अखेरीकडे सुरक्षिततेच्या नियमांनी बंद झाली. डंबार्टनला एका मोठ्या कंपनीने तर १९५९ पासून आपल्या गोदामांच्या आवारात पांढऱ्या कलहंसांचा कळपच राखणीला ठेवला होता, जो परका माणूस दिसला की गहजब करी. २०१२ पर्यंत ते पक्षी नोकरीत होते. त्यांच्या जागी कॅमेरे आले, जे कुणाच्या पोटरीला चावत नाहीत.

या कामातली एक गोष्ट मी जवळून पाहिली ती पिंप लोटण्याची. अडीचशे लिटरचे भरलेले हॉग्सहेड पिंप दोन लाकडी रुळांवर चढवले की त्याला पुढे ढकलणे अवघड नाही. अवघड आहे ते योग्य जागी थांबताना त्याचे बूच नेमके वर येईल असे ढकलणे. बूच बाजूला राहिले तर ते गळते, आणि रांगेत शिरलेले पिंप जागच्या जागी फिरवायला फटच नसते. म्हणून कामगार सुरुवातीलाच अंतराचा अंदाज घेऊन बूच घड्याळाच्या काट्यासारखे लावून घेतो: इतके लांब जायचे तर तीनवर, इतके लांब तर आठवर. आमच्यासमोर एका साठीच्या गृहस्थाने रिकामे पिंप असे लोटून दाखवले. त्याने पिंपाच्या कपाळावर हात ठेवला, रुळांकडे पाहिले, बूच थोडे मागे फिरवले आणि सोडून दिले. पिंप घरंगळत गेले, भिंतीआधी हातभर थांबले, आणि बूच बरोबर बारावर होते. टाळ्या वाजल्या. तो लाजला आणि रिकामे पिंप सोपे असते, भरलेले हट्टी असते, असे काहीसे म्हणाला. हमालांनी शंभर किलोचे पोते पाठीवरून थप्पीच्या दहाव्या थरावर नेमक्या कोनात सोडलेले बाबांनी जन्मभर पाहिले आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण नंतर त्या माणसापाशी जाऊन नमस्कार केला.

बाहेर आलो तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या काळिम्याकडे बोट दाखवले. बोमोरचा समुद्राकडचा दर्शनी भाग वरचेवर पांढरा रंगवतात, त्यावर गावाचे नाव बोटीतून वाचता येईल इतक्या मोठ्या काळ्या अक्षरांत लिहिलेले असते. पण स्कॉटलंडभर कुठेही जुन्या गोदामांच्या मागच्या बाजूला जा, भिंती, छप्पर, जवळची झाडे, कुंपणाच्या तारासुद्धा काजळी धरल्यासारख्या काळ्या दिसतात. हा धूर नव्हे. उडून गेलेल्या मद्यार्कावर जगणारी ही बुरशी आहे. फ्रान्समधल्या कोन्याकला ब्रँडीच्या गोदामांभोवती अंतोनँ बॉदवँ या गृहस्थाने १८७२ मध्ये तिची नोंद केली आणि २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या नावावरून तिला बॉडोइनिया हे नाव दिले. जुन्या काळी अबकारी अधिकारी म्हणे काळ्या भिंती पाहून लपवलेला साठा हुडकीत. गोष्ट पटण्यासारखी आहे. आता मध्य स्कॉटलंडमध्ये मोठ्या गोदामांच्या शेजारी राहणारी माणसे मात्र आपली घरे, खिडक्या आणि बागेतली बाकडी काळी पडतात म्हणून तक्रारी करत असतात, आणि त्यांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. आतला माल मुरतो त्याची किंमत वाढते, बाहेरच्याची भिंत धुण्याचा खर्च त्याच्या स्वतःच्या खिशातून जातो. देवदूतांना वाटा दिल्याची गोष्ट सांगताना हे शेजारी कुणी मोजत नाही.

गोदामाचा दुसरा चेहरा ग्लासगोने पाहिला आहे. बेटांवर आणि स्पेसाइडच्या खोऱ्यात जागा मुबलक म्हणून गोदामे आडवी पसरली, पण शहरात, बंदराजवळ, ती विटांची, अनेक मजली, रस्त्याला चिकटून उभी राहिली. ब्रँडीचा पुरवठा द्राक्षवेलींवरच्या किडीने घटल्यावर स्कॉचची चलती झाली, १८९० च्या दशकात उधारीवर गोदामे भरली गेली, आणि लीथच्या पॅटिसन बंधूंची व्हिस्कीची पेढी १८९८ मध्ये बुडाली तेव्हा कित्येकांना कळले की गोदामातल्या मालावर किती जणांचे पैसे बसले आहेत. पण मला सांगायचे आहे ते २८ मार्च १९६० चे. त्या संध्याकाळी अँडरस्टन भागातल्या चीपसाइड स्ट्रीटवरच्या बाँडेड गोदामाला आग लागली. आत दहा लाख गॅलनांहून अधिक व्हिस्की होती, शिवाय रम. अग्निशामक दल पोहोचले, शिड्या लागल्या, आणि तापून फुटणाऱ्या पिंपांतली वाफ आत इतकी दाटली की स्फोट होऊन दोन्ही बाजूंच्या उंच भिंती एकदम बाहेर रस्त्यावर फेकल्या गेल्या. अग्निशामक दलाचे १४ आणि माल वाचवणाऱ्या सॅल्व्हेज पथकाचे ५ असे १९ जण त्या भिंतींखाली गेले. ग्लासगोच्या नेक्रोपोलिस दफनभूमीत त्यांचे स्मारक आहे. मी तिथून अनेकदा चढून जाते, कारण टेकडीवरून शहर छान दिसते, आणि दर वेळी त्या दगडापाशी पाय थोडे मंदावतात. जी जाड, मोजक्या दारा-खिडक्यांची भिंत पिंपांना ऊन लागू देत नाही आणि सरकारचा कर राखते, तिनेच त्या संध्याकाळी वाफ कोंडून धरली होती.

आज स्कॉटलंडमध्ये सुमारे २ कोटी २० लाख पिंपे मुरत पडली आहेत असे त्या उद्योगाची संघटना सांगते. एवढी पिंपे मातीच्या जमिनीवर तिहेरी रांगांत मावणे शक्य नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून लोखंडी मांडण्यांची उंच गोदामे आली, आठ-दहा थरांची; नंतर पिंपे उभीच लाकडी तळांवर ठेवून फोर्कलिफ्टने चढवायची पद्धत आली. पत्र्याच्या छपराची ती अजस्र शेडे ग्लासगो आणि एडिंबरादरम्यानच्या पट्ट्यात हमरस्त्यावरून दिसतात आणि आत व्हिस्की आहे अशी शंकाही येत नाही. आयलावरच्या कूल ईला डिस्टिलरीत गाळलेले बहुतेक स्पिरिट टँकरने फेरीबोटीवर चढून मुख्य भूमीवर जाते आणि तिकडेच मुरते. मग समुद्राची खारी हवा पिंपात शिरून चवीत उतरते, ही जी कथा बोमोरच्या भिंतीला तळवा लावून आम्ही ऐकली, तिचे काय करायचे? माझे मत विचाराल तर ती कथा अर्धीमुर्धीच घ्यावी. ओल, थंडी आणि संथपणा यांचा परिणाम खरा आहे, तो मोजता येतो. मीठ ओकच्या फळीतून आत जाते यावर माझा विश्वास बसत नाही. तरीही त्या भिंतीवरून मी हात लगेच काढला नाही, हेही तितकेच खरे.

बोमोरची गोदामे काही केवळ व्हिस्कीसाठी पवित्र म्हणून राखलेली नाहीत, आणि मला हे गाव त्यासाठी जास्त आवडते. दुसऱ्या महायुद्धात गाळप थांबले, आखातात सागरी विमाने उतरू लागली आणि डिस्टिलरीच्या इमारती हवाई दलाच्या कामी आल्या. पुढे गावाला पोहण्याचा तलाव हवा होता. बेटावर सगळीकडे पाणी असून मुलांना पोहायला शिकवण्याची सोय नव्हती, कारण ते पाणी बाराही महिने गार असते. डिस्टिलरीने आपले एक जुने गोदाम देऊन टाकले. त्याच दगडी भिंतींच्या आत तलाव बांधला गेला आणि भट्टीतून वाया जाणाऱ्या उष्णतेवर त्याचे पाणी तापवले जाते. आम्ही गेलो तेव्हा आत शाळेची पोरे किंचाळत होती, क्लोरीनचा वास होता, चष्म्यावर लगेच वाफ बसली. मी वर पाहत राहिले, छप्पर किती उतरते आहे आणि पूर्वी पिंपांच्या रांगा कोणत्या दिशेने लागल्या असतील याचा अंदाज घेत. जुनी इमारत जपायची म्हणजे तिच्याभोवती दोरी बांधून फलक लावायचा, या कल्पनेचा मला हल्ली कंटाळा येतो. इथे भिंत अजून तेच करते आहे, आतले हवामान बाहेर जाऊ देत नाही. फक्त आता आत ऊब आहे.

नंबर वन व्हॉल्ट्समधली सर्वांत गाजलेली पिंपे १९६४ साली भरलेली होती, शेरी मुरलेल्या लाकडाची. १९९३ मध्ये त्यांतली व्हिस्की प्रथम बाटल्यांत भरली तेव्हा ती इतकी काळपट निघाली की तिला ‘ब्लॅक बोमोर’ हेच नाव पडले, आणि आज त्या बाटल्यांना लिलावात हजारो पौंड मिळतात. परतीच्या फेरीबोटीवर, मुख्य भूमीवरचे केनाक्रेग बंदर येईपर्यंत, दोन तास होते. बाबांनी तिकिटाच्या पाठीमागे हिशोब मांडला. वर्षाला दोन टक्के घट धरली तर अडीचशे लिटरच्या पिंपात २९ वर्षांनी सुमारे १३९ लिटर उरते, अर्ध्याहून थोडे जास्त. मग त्यांनी विचारले, हेच पिंप आपल्याकडे ठेवले तर? आपल्याकडे ठेवलेले पिंप आहेच, मी सांगितले. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन नावाची सिंगल माल्ट व्हिस्की गाळली आणि मुरवली जाते, आणि तिथली घट वर्षाला आठ टक्क्यांच्या घरात सांगतात. गोव्यात जमिनीखाली तळघर खणा, भिंत हवी तेवढी जाड करा, वैशाख तिथेही पोहोचतोच, आणि आयलाला ज्या थंडीमुळे पिंप स्वस्थ झोपते ती थंडी बांधून आणता येत नाही. बाबांनी आठ टक्क्यांनी पुन्हा आकडे मांडले. आठव्या वर्षीच पिंप जवळपास निम्म्यावर आले. २९ व्या वर्षी उरले २२ लिटर. त्यांनी दोनदा तपासले, आकडा बरोबर होता. म्हणून तिकडे इतके कुणी थांबत नाही, मी म्हणाले. पाच-सात वर्षांत बाटलीत भरतात, आणि उष्णतेने लाकूड भराभर काम करते म्हणून ती तेवढ्यातच मुरलेली असते. “मग त्यांचं गोदाम लहान पुरत असेल,” बाबा म्हणाले, आणि आकड्यांखाली रेघ ओढून त्यांनी तिकीट खिशात घातले.